अप्पर सर्क्युलर रोडवरील बेचाळीस वर्षे

पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे, आणि रस्त्याच्या व संस्थेच्या नावांचा असा काही मेळ जमून गेला आहे, की ही संस्था 'सुधारक'कारांच्याच स्मरणार्थ निघाली असावी अशी समजूत करून घेऊन तिच्यावरून जाणारा माणूस निश्चिंत मनाने पुढे जातो. वस्तुतः हे आघारकर निराळे. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. जन्म 1884 चा, उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले, आणि नाद म्हणाल तर सह्याद्रीच्या रानावनांतून झाडेझुडपे व जीवजंतू गोळा करीत हिंडण्याचा. अशाच एका भ्रमंतीत सातारा जिल्ह्यातील घाटाकडच्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. समुद्रकाठच्या मालवणी माणसाला जेलीफिशचे कौतुक ते काय असावयाचे. पण हा होता गोड्या पाण्यातला, आणि याचे सगेसोयरे तोवर ठाऊक होते ते आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या सरोवरांत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन ॲनन्डेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्याच कलकत्त्यात, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर, आघारकरांची नेमणूक झाली.

एका प्राण्यामुळे ज्याचे नाव झाले त्याला वनस्पतींचे अध्यासन मिळावे, यात त्या वेळी कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या ज्या विज्ञानशाखेचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे, तिचा स्वभावच मुळी असा होता, की एका शास्त्राचा दाखला घेऊन आत आलेला माणूस दुसऱ्याच शास्त्रात नाव काढी. आणि या अदलाबदलीचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला द्यावे त्याहून अधिक तेथल्या अभावाला द्यावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कलकत्त्याचे विद्यापीठ 1857 चे, मुंबई-मद्रासच्याच वर्षीचे. परंतु पहिली पन्नास वर्षे ही तिन्ही विद्यापीठे म्हणजे अर्ज, फी, प्रश्नपत्रिका आणि निकाल यांचे दप्तर सांभाळणाऱ्या कचेऱ्याच होत्या. 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकविण्याची मुभा दिली. पैसा मात्र दिला नाही. 1906 साली कुलगुरुपदी आलेले आशुतोष मुखर्जी हे हायकोर्टाचे न्यायाधीश आणि मूळचे गणिती. सरकारी खजिन्याच्या तोंडाकडे पाहत बसण्यात अर्थ नाही हे त्यांनी लौकरच ओळखले, आणि ते वळले आपल्याच व्यवसायातील माणसांकडे. 1912 साली तारकनाथ पालित या बॅरिस्टराने जमीनजुमला व रोकड मिळून सुमारे 15 लाखांची मिळकत विद्यापीठाच्या नावे करून दिली. पाठोपाठ 1913 साली रासबिहारी घोष या वकिलाने 10 लाख दिले. हे रासबिहारीबाबू म्हणजे मराठी वाचकांच्या जुन्या ओळखीचे गृहस्थ. 1907 च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमंडपात ज्यांच्या अध्यक्षपदाच्या निवडीला हरकत घेण्यासाठी टिळक व्यासपीठावर हटून उभे राहिले, आणि मग तो प्रसिद्ध दक्षिणी जोडा मंडपातून उडाला, तेच हे अध्यक्ष. आपल्याकडे त्यांची आठवण त्या जोड्यापाशीच थांबते. बंगाल्यांच्या लेखी ती अध्यासनांपाशी सुरू होते.

ही दानपत्रे वकिलांची, तेव्हा त्यांतील कलमे काटेकोर असावयाचीच. पालितांच्या नावे पदार्थविज्ञान व रसायन. घोषांच्या नावे उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र. आणि साऱ्यांतले मुख्य कलम असे, की या अध्यासनांवर बसणारा माणूस हिंदी असला पाहिजे. सरकारी शिक्षणखात्यात वरच्या श्रेणीच्या जागा गोऱ्यांनी अडवलेल्या असताना हे कलम किती तिखट होते ते सांगावयास नको. 27 मार्च 1914 रोजी 92 अप्पर सर्क्युलर रोड येथे विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली, आणि चारच महिन्यांनी युरोपात युद्ध पेटले.

त्या युद्धाने पहिला घाव घातला तो नव्या अध्यापकांवर. परदेशी जाऊन तयारी करून यावे या योजनेप्रमाणे घोष अध्यासनावरील पदार्थवैज्ञानिक देवेंद्रमोहन बोस आणि आमचे आघारकर हे दोघेही बर्लिनला गेलेले. ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून तेथेच अडकून पडले, आणि युद्ध संपल्यावर डॉक्टरेट घेऊन परतले. आघारकरांचा प्रबंध होता वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष व खाऱ्या जमिनीवरील वनस्पतींच्या प्रसाराविषयी. सह्याद्रीत हिंडलेल्या कोकणी माणसाने राजपुताना-सिंधकडच्या काटेरी झुडपांवर बर्लिनमध्ये बसून लिहावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

इकडे कलकत्त्यात इमारत आहे, विद्यार्थी आहेत, उपकरणे नाहीत आणि प्राध्यापकही नाहीत, अशी अवस्था. 1916 साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या दोन तरुणांना आशुतोषांनी व्याख्याते नेमले ते गणिताचे म्हणून. उपयोजित गणिताचे घोष प्राध्यापक गणेश प्रसाद हे विद्वान खरे, पण स्वभावाने कडक. त्यांच्याशी दोघांचे जमेना. तेव्हा दोघांची रवानगी पदार्थविज्ञान विभागात झाली, की जो विषय त्यांनी पदवीनंतर रीतसर शिकलेला नव्हता. जे शिकवावयाचे ते आधी स्वतः शिकावयाचे, आणि तेही जर्मन ग्रंथांतून! प्लांक, बोल्ट्झमान यांचे ग्रंथ शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातील ब्रूल नावाच्या प्राध्यापकांकडे होते. तेथून ते मागून आणावयाचे, रात्री वाचावयाचे आणि सकाळी वर्गात सांगावयाचे. या उसनवारीच्या अभ्यासातूनच आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर निपजले. प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या प्रस्तावनेसह विद्यापीठाने ते 1920 मध्ये छापले. या विषयावरील इंग्रजी भाषांतरांत ते अगदी आरंभीचे.

साहांची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. 1917 च्या सुमारास त्यांनी प्रकाशाच्या दाबाविषयी एक दीर्घ निबंध अमेरिकेतील खगोलभौतिकीच्या नियतकालिकाकडे धाडला. निबंध लांब आहे, छपाईचा काही खर्च लेखकाने सोसल्यास छापू, असे उत्तर आले. आणि खर्चाचा आकडा पूर्व बंगालातील एका खेडेगावच्या किरकोळ दुकानदाराच्या या मुलाच्या आवाक्याबाहेरचा होता. निबंध तसाच पडून राहिला. पुढे वर्गात उष्मागतिकी शिकवीत असताना एगर्ट नावाच्या जर्मन रसायनज्ञाचा ताऱ्यांच्या अंतर्भागाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. अतितप्त वायूचा अणू आपला इलेक्ट्रॉन गमावतो ही क्रिया एखाद्या साध्या रासायनिक विघटनासारखी मानून एगर्टने गणित मांडले होते. परंतु तो इलेक्ट्रॉन सोडवून घेण्यास प्रत्यक्ष किती ऊर्जा लागते, हा प्रयोगशाळेत मोजला जाणारा आकडा त्याने वापरला नव्हता. साहांनी तो वापरला. एवढ्यानेच, तापमान व दाब ठाऊक असता वायूतील किती अणू विद्युद्भारित झालेले असतील ते काढता येऊ लागले. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा इतक्या उंचीवर का दिसतात, निरनिराळ्या ताऱ्यांचे वर्णपट निरनिराळे का, याचा उलगडा होऊ लागला. हा शोध 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि दोन शास्त्रांच्या मधल्या बांधावर उभे राहण्याची तयारी यांपलीकडे काही लागले नव्हते. प्रयोगाने पडताळा घेण्याची सोय मात्र कलकत्त्यात नव्हती. त्यासाठी साहा लंडन-बर्लिनला गेले, आणि ज्या शिष्यवृत्त्यांनी त्यांना हात दिला त्यांतील एक प्रेमचंद रायचंद यांच्या नावाची होती. मुंबईच्या कापसाच्या तेजीत कमावलेल्या पैशातून या शेठजींनी राजाबाई टॉवर बांधविला हे आपण जाणतो; त्याच सुमारास त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते, आणि बंगाली विद्वानांच्या नावापुढे 'पी.आर.एस.' ही अक्षरे मोठ्या दिमाखाने मिरवत असत.

रामन यांच्याविषयी लिहिण्याचे फारसे कारण नाही, कारण ते सर्वांस ठाऊक आहे. अर्थखात्यातील भरभक्कम नोकरी सोडून, अदमासे निम्म्या पगारावर, 1917 साली ते पालित प्राध्यापक झाले; परदेशी जाऊन शिकून येण्याची अट त्यांनी साफ नाकारली आणि आशुतोषांनी ती गुंडाळून ठेवली. 28 फेब्रुवारी 1928 चा शोध लागला तो सर्क्युलर रोडवर नव्हे, बौबाजारातील महेंद्रलाल सरकारांच्या विज्ञानसंस्थेत. तेव्हा तो कोणाच्या खाती जमा धरावा याचा वाद जमाखर्चवाल्यांनी घालावा. वेतन विद्यापीठाचे होते, एवढे खरे.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय मात्र सर्वस्वी या इमारतीचेच. 1916 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते येथे आले आणि महाविद्यालयातील एका खोलीत राहू लागले, ते 1944 च्या जून महिन्यात त्याच खोलीत डोळे मिटेपर्यंत. गोखल्यांनी कलकत्त्यात गांधीजींशी त्यांची ओळख करून दिली ती अशी, की हे महिना 800 रुपये मिळवतात, 40 स्वतःस ठेवतात आणि बाकीचे सार्वजनिक कामास देतात. 1921 मध्ये साठी उलटताच त्यांनी पुढचा सारा पगार रसायन विभागासच देऊन टाकला. 1922 च्या उत्तर बंगालमधील महापुराच्या वेळी मदतकार्याचे मुख्य ठाणे याच महाविद्यालयात होते. जेथे नायट्राइटांचे स्फटिक तयार व्हावयाचे तेथे धोतरजोड्यांचे ढीग लागले, आणि संशोधक विद्यार्थी मदतीच्या पावत्या फाडू लागले. ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी ही रसायनातील मंडळी याच छत्राखाली वाढली.

त्याच वर्षी आणखी एक पाणी डोक्यावरून जाऊ लागले होते. सरकारने अडीच लाखांची मदत देऊ केली ती विद्यापीठाचे हिशेब आपल्या नियंत्रणाखाली आणण्याच्या अटींवर; आणि पगार तुंबलेले असतानाही आशुतोषांनी भर सिनेटात ती झुगारली. त्यांचा बाणा उज्ज्वल खरा, परंतु त्याची किंमत कोणी मोजली तेही पाहिले पाहिजे. सत्येंद्रनाथ आणि ज्ञानचंद्र आधीच ढाक्यास गेले होते. 1923 मध्ये साहा अलाहाबादेस गेले. ज्या निबंधाने बोसांचे नाव आइन्स्टाइनच्या नावाशी जोडले गेले तो 1924 साली ढाक्याहूनच गेला.

राहिले त्यांनी निराळे मार्ग काढले. शिशिरकुमार मित्र हे रामन यांच्या हाताखाली प्रकाशशास्त्र शिकलेले. फ्रान्सात असताना त्यांनी बिनतारी विद्येकडे मोहरा वळविला. उंच वातावरण हा त्यांना मिळालेला असा विषय, की ज्याचा माल डोक्यावर फुकट पसरलेला. कलकत्त्याच्या नभोवाणीच्या लहरी वर जाऊन परत येतात त्यांचा माग काढावयाचा. वीस वर्षांच्या या मेहनतीचा ग्रंथ 1947 साली निघाला आणि जगभर त्या विषयाचा आधारग्रंथ ठरला. गिरींद्रशेखर बोस हे पेशाने डॉक्टर. 1921 मध्ये त्यांनी मनाच्या दमनक्रियेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली, फ्रॉइडशी पत्रव्यवहार आरंभिला आणि पुढच्या वर्षी मनोविश्लेषणाची संस्था काढली. विज्ञान महाविद्यालयात मानसशास्त्राला पदार्थविज्ञानाच्या शेजारी जागा द्यावी, हे 1916 साली भल्याभल्या विद्यापीठांना सुचले नव्हते. स्त्रियांना दार उघडले ते उशिरा, आणि तेही किलकिलेच: आसीमा चटर्जी 1944 मध्ये डी.एस्सी. झाल्या, बिभा चौधुरी 1936 च्या एम.एस्सी.च्या वर्गात एकट्या होत्या, शेजारच्या बोस संस्थेत देवेंद्रमोहनांबरोबर त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला, आणि पुढे मुंबईच्या टाटा संशोधनसंस्थेत त्या आल्या.

1938 मध्ये साहा पालित प्राध्यापक म्हणून परतले आणि त्यांनी सायक्लोट्रॉनचा ध्यास घेतला. टाटांच्या न्यासाने 60,000 रुपये दिले. शिष्य नागचौधुरी बर्कलीस जाऊन विद्या व सामान घेऊन आला. मात्र निर्वात पंप घेऊन येणारे जहाज जपान्यांनी बुडविले, आणि ते यंत्र वर्षानुवर्षे रखडत राहिले. 1949 मध्ये मित्रांची रेडिओभौतिकीची, तर 1950 मध्ये साहांची अणुकेंद्रविज्ञानाची संस्था उभी राहिली. या संस्था आवश्यक होत्या हे मान्य केले, तरी जो माणूस पूर्वी गणितातून हाकलला गेला तर पदार्थविज्ञानात शिरू शकत होता, त्याला आता भिंती आडव्या येऊ लागल्या. त्यातून सरकारी अणुविज्ञानाचे पारडे तोवर मुंबईकडे झुकले होते. त्याचा सल साहांच्या मनात राहिला, आणि मुंबईच्या भरभराटीचा अभिमान बाळगूनही तो सल अगदीच निराधार होता असे मला म्हणवत नाही. फेब्रुवारी 1956 मध्ये दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जाताना साहा रस्त्यातच कोसळले. सत्येंद्रनाथ, जे 1945 मध्ये ढाक्याहून परतले होते, त्याच वर्षी निवृत्त झाले.

आघारकर त्यापूर्वीच दहा वर्षे बाहेर पडले होते. त्यांचा वनस्पतिविभाग सर्क्युलर रोडवर नव्हताच; तो पालितांच्या दक्षिणेकडील बालीगंजच्या वाड्यात होता, त्यामुळे नामवंतांच्या आठवणींत त्यांचे नाव क्वचितच येते. 1946 साली, वयाच्या बासष्टीच्या घरात, ते पुण्यास आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेत पुढे होऊन, 1960 मध्ये निधन होईपर्यंत तिचे संचालक राहिले; संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते 1992 मध्ये. विज्ञानवर्धिनी हे झाले मराठी नाव. दप्तरी असलेले तिचे इंग्रजी नाव पाहावे, तर 'महाराष्ट्र' हा पहिला शब्द सोडून बाकीची अक्षरे जशीच्या तशी बौबाजारची आहेत, महेंद्रलाल सरकारांनी 1876 साली आपल्या संस्थेच्या पाटीवर घातलेली.