वीज गेल्यावरची तीन मिनिटे

जालन्याच्या पोलाद कारखान्यात वीज गेली, तरी हजेरीयंत्राने शेवटची नोंद जपलीच पाहिजे. तिच्यावर मजुरी ठरते. म्हणून सुपरकपॅसिटरची निवड आम्हा कामगारांनाही कळली पाहिजे.

हिशेब सोपा आहे. धारकतेचे फॅरड दाबातील उताराच्या व्होल्टांनी गुणावे, प्रवाहाच्या अँपिअरांनी भागावे, सेकंद येतात. १ फॅरड, दाब ५ वरून ३ व्होल्ट, प्रवाह ०.०१ अँपिअर, तर २०० सेकंद. मात्र एक घट साधारणतः २.७ व्होल्टच सोसतो. म्हणून २ फॅरडचे दोन घट एकसर जोडावेत. तशा जोडणीत धारकता निम्मी, म्हणजे १ फॅरड होते.

उष्णता वाईट. दर १० अंश वाढीमागे आयुष्य सुमारे निम्मे होते. शिवाय वयाबरोबर धारकता घटते. तेव्हा यंत्र भट्टीपासून दूर ठेवावे, घट हिशेबाहून मोठे घ्यावेत. आणि हा हिशेब कामगारांनी मालकाकडे मागावा.