समुद्र हरवलेलें बेट

डच लोक एखाद्या गांवाचा उल्लेख करतांना आपल्याप्रमाणेंच 'अमुक गांवांत' असें म्हणतात. उर्क या गांवाविषयीं मात्र ते 'उर्कवर' असें म्हणतात; बेटावर म्हणावें तसें. वास्तविक उर्कचें बेटपण ३ ऑक्टोबर १९३९ रोजीं संपलें. त्या दिवशीं मुख्य भूमीकडून येणारा बांध गांवाला येऊन भिडला. ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तो 'वर' कांहीं गेलेला नाहीं.

उर्कचें नांव ९६६ सालच्या, सम्राट पहिला ऑटो याच्या एका दानपत्रांत आढळतें. हिमयुगांतील बर्फानें आणून टाकलेल्या दगडमातीचा हा उंचवटा. भोंवतीं झौडरझे, म्हणजे 'दक्षिण समुद्र', या नांवाचा उथळ उपसागर. हा समुद्र शतकानुशतकें बेटाचा कांठ खात गेला. शेजारचें स्खोकलंड बेट तर इतकें सखल कीं, १८५९ सालीं राजाज्ञेनें तें ओस करावें लागलें. उर्क टिकलें तें उंचीमुळें. पिकाऊ जमीन थोडी, म्हणून सारें गांव होडीवर जगलें. मुलें कोठून येतात, असें पोरांनीं विचारल्यास वडीलधारीं माणसें पाण्यांतील एका मोठ्या खडकाकडे बोट दाखवीत!

अशा एकाकी बेटावर डच वंश शुद्ध स्वरूपांत उरला असावा, अशी एकोणिसाव्या शतकांतील कांहीं विद्वानांची समजूत होती. तिच्यापायीं येथील दफनभूमींतून कवट्या नेण्यांत आल्या. उर्ककरांनीं त्या परत मागितल्या, आणि उत्रेख्त विद्यापीठाच्या संग्रहांतून त्या २०१० सालीं गांवीं आल्या. आपले पूर्वज कोणाच्या कपाटांत राहूं नयेत, ही भावना समजण्यास विद्वत्ता लागत नाहीं.

१९१६ च्या जानेवारींत झौडरझेचें पाणी बांध फोडून आंत शिरलें, तेव्हां इंजिनिअर व मंत्री कोर्नेलिस लेली यांच्या जुन्या योजनेस जोर आला. १९१८ सालीं कायदा झाला आणि १९३२ सालीं सुमारें ३२ किलोमीटर लांबीच्या बांधानें समुद्राचें तोंड बंद झालें. देशाला हा विजय वाटला, व तो होताही. पण खारें पाणी गोडें झालें. हेरिंग आणि अँकोव्ही हे मासे गेले, वाम तेवढी राहिली. १९४२ मध्यें उर्कच्या पाठीमागचा समुद्रतळ कोरडा झाला आणि पुढें तेथें शेतें पिकूं लागलीं. कोळ्यानें आतां नांगर धरावा, हें जणूं ठरूनच गेलें होतें.

उर्ककरांनीं तो धरला नाहीं. मोठ्या होड्या घेऊन ते बांधाच्या दरवाजांतून उत्तर समुद्रांत गेले व आपल्याकडील लेपीसारखे चपटे मासे धरूं लागले. आतां त्यांच्या कित्येक होड्या हार्लिंगेनसारख्या दूरच्या बंदरांत नांगरलेल्या असतात. मासळी मोटारींतून उर्कला येते, तेथेंच तिचा लिलाव होतो आणि ती कापून पुढें देशोदेशीं जाते. रविवार मात्र देवाचा! या कर्मठ प्रॉटेस्टंट गांवांत त्या दिवशीं होडी हालत नाहीं. खलाशी आठवड्याच्या शेवटीं घरीं येतात आणि रविवार उलटल्यावरच पुन्हां निघतात.

या हट्टाची किंमत टेकाडावर वाचावयास मिळते. १९६८ सालीं राणी युलियाना यांच्या हस्तें उघडलेल्या स्मारकांत एक स्त्री मागें वळून पाण्याकडे पाहत उभी आहे, आणि भोंवतीं समुद्रांत गेलेल्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत.

सध्यांचें संकट वादळाचें नाहीं. विजेच्या सौम्य धक्क्यानें तळाचे मासे उठवून जाळ्यांत घेण्याची रीत येथील पुष्कळांनीं उचलली होती. तिनें तेल बरेंच वाचे. युरोपीय संघानें ती २०२१ पासून पूर्णपणें बंद केली. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर मासळीचा वांटा घटला, तेलही महागलें. मग सरकारनें पैसे देऊन होड्या मोडीत काढण्याची योजना आणली, आणि अनेक डच मालकांनीं ती पतकरली. ज्या होड्या राहिल्या, त्यांच्या नाळेवर 'यू. के.' हीं अक्षरें असतात. परक्याला तीं ब्रिटनचीं वाटावीं. पण तीं उर्कचीं आहेत.