थेट स्मृति-संक्रमण
संगणकाला जोडलेल्या चकती, जाल-पत्र इ. उपकरणांनी मध्यवर्ती प्रक्रियकाच्या मध्यस्थीवाचून मुख्य स्मृतीत माहिती लिहिण्याच्या वा तीमधून वाचण्याच्या पद्धतीस ‘थेट स्मृति-संक्रमण’ किंवा ‘डीएमए’ म्हणतात. माहितीचा पत्ता व लांबी उपकरणास कळविण्याचे काम कर्नलमधील (प्रचालन प्रणालीच्या गाभ्यातील) उपकरण-चालक ही आज्ञावली करते. १९८१ साली निघालेल्या आयबीएम पीसीमध्ये संक्रमणासाठी ८२३७ जातीचे स्वतंत्र मंडल होते. पीसीआय मार्गावरील उपकरणे ते स्वतःच घडवून आणतात.

अडचणी : उपकरणास दिसणारा पत्ता व प्रक्रियकाचा पत्ता एकच असेल असे नाही. शिवाय ३२ बिटांचे पत्ते वापरणारे उपकरण ४ गिगाबाइटांपलीकडे पोहोचू शकत नाही. अशा वेळी माहिती मधल्या साठ्यातून न्यावी लागते. दुसरी अडचण प्रक्रियकालगतच्या कॅश स्मृतीची होय. उपकरणाने मुख्य स्मृतीत नवी माहिती लिहिली, तरी प्रक्रियक कॅशमधील जुनीच प्रत वाचण्याचा संभव असतो. यास्तव लिनक्समध्ये स्मृतीचा भाग उपकरणाच्या हवाली करणे व परत घेणे यांसाठी ठराविक फलने आहेत. या दोहोंच्या दरम्यान प्रक्रियकाने त्या भागास हात लावावयाचा नसतो.

बदलांचे परीक्षण : चालकात बदल सुचविला गेल्यास परीक्षक पुढील गोष्टी पाहतो : पत्ता मिळविताना अपयश आल्यास त्याची दखल घेतली आहे काय, चुकीच्या प्रत्येक वाटेवर स्मृती त्याच लांबीने व त्याच दिशेने परत घेतली जाते काय, आणि ती मुक्त करण्यापूर्वी उपकरण थांबविले आहे काय. ही शेवटची चूक विशेष घातक असते. मुक्त केलेली जागा दुसऱ्या कामास दिली गेल्यावरही उपकरण तीवर लिहीत राहते आणि बिघाड मूळ कारणापासून दूर, भलत्याच ठिकाणी प्रकट होतो.

केवळ चाचणी पुरेशी नसते. एक्स८६ यंत्रांत कॅशचा मेळ यंत्रणाच राखते, त्यामुळे तेथे निर्दोष भासणारा चालक एआरएम जातीच्या अनेक यंत्रांवर माहिती बिघडवू शकतो. अशा चुका पकडण्यासाठी २००९ साली २.६.३० या आवृत्तीत तपासणीची सोय करण्यात आली. परंतु जी वाट चालविलीच गेली नाही, तिच्यातील दोष या सोयीनेही उघड होत नाही.

वरकरणी यांत्रिक बदलही जपून वाचावा लागतो. पीसीआयसाठीची जुनी फलने २०२२ साली ५.१८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. स्मृती मागणारे जुने फलन प्रतीक्षा न करणारी मागणी आपोआप करीत असे. नव्या फलनात मागणीचा प्रकार स्पष्ट लिहावा लागतो. त्यामुळे त्या ठिकाणी आज्ञावलीस थांबण्याची मुभा आहे किंवा नाही, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागले. व्यत्यय हाताळताना वा कुलूप धरलेले असताना प्रतीक्षा केल्यास यंत्रणा खोळंबू शकते. उलट, मुभा असता प्रतीक्षा टाळल्यास मागणी विनाकारण अयशस्वी होण्याचा संभव वाढतो.