रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे!

पायाची पहिली वीट रचली जाण्यापूर्वीच आजची इमारत संगणकाच्या पडद्यावर उभी राहिलेली असते. भिंती, दारे, खिडक्या आणि खोल्या यांच्या केवळ रेषाच नव्हेत, तर त्यांची मापे, साहित्य आणि गुणधर्मही तेथे नोंदलेले असतात. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत 'रेव्हिट' हे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. २००० मध्ये बाजारात आलेले हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये 'ऑटोडेस्क' कंपनीने विकत घेतले. नोंदलेल्या माहितीवरून दारांची यादी, खोल्यांचे क्षेत्रफळ असे तक्ते, म्हणजेच 'शेड्यूल', त्यात आपोआप तयार होतात. तक्त्यातील सूत्रे आकडेमोडही करून देतात. मात्र, एखादा रकाना रिकामाच असेल, तर सूत्राने काय समजावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण इमारतीच्या हिशेबातील अनेक चुका येथेच जन्म घेतात.

एका रिकामपणाचे तीन अर्थ

सदनिकांच्या तक्त्यात 'बाल्कनीचे क्षेत्रफळ' हा रकाना रिकामा आहे, असे समजू. त्याचे तीन अर्थ संभवतात. त्या सदनिकेला बाल्कनीच नाही, हा पहिला. बाल्कनी आहे, पण तिचे माप अद्याप नोंदलेले नाही, हा दुसरा. ती जागा सदनिका नसून जिन्याची किंवा लिफ्टची आहे, त्यामुळे तेथे हा प्रश्नच लागू होत नाही, हा तिसरा. यांपैकी केवळ पहिल्या अर्थी तेथे शून्य लिहिणे योग्य ठरते. रिकामा रकाना पाहून मनुष्य चौकशी करू शकतो. सूत्र मात्र चौकशी करत नाही, ते आपला नियम चालवते.

हा नियमही सर्वत्र सारखा नाही. 'एक्सेल'मध्ये रिकाम्या रकान्याची साधी बेरीज केल्यास तो शून्य धरला जातो. सरासरी काढताना मात्र तो मोजणीतूनच वगळला जातो. दहा सदनिकांपैकी सहांच्या बाल्कनी प्रत्येकी ५ चौरस मीटर असून चार रकाने रिकामे असतील, तर सरासरी ५ येते. त्याच चार ठिकाणी शून्य लिहिले, की ती ३ वर उतरते. 

माहितीसाठ्यांच्या 'एसक्यूएल' या भाषेत निराळाच नियम आहे. तेथे संख्येत 'माहीत नाही' मिळवले, की उत्तरही 'माहीत नाही' असेच येते. वरील दहाही सदनिकांचा 'कार्पेट एरिया' प्रत्येकी ६० चौरस मीटर आहे, असे धरू. त्या चार सदनिकांना बाल्कनीच नसेल, तर खरी बेरीज ६३० चौरस मीटर होते. सूत्राने प्रत्येक ओळीत कार्पेट एरिया आणि बाल्कनी यांची बेरीज केली, तर चार ओळींचे उत्तर रिकामे राहते आणि एकूण बेरीज ३९० वरच थांबते. २४० चौरस मीटर जागा हिशेबातून नाहीशी होते, तीही चुकीची कोणतीही सूचना न देता.

'हो', 'नाही' आणि मौन

रेव्हिटमधील 'हो किंवा नाही' अशा नोंदींचा पेच याहून नाजूक आहे. असा नवा रकाना जोडला, की आधीपासून असलेल्या दारांसमोर ना 'हो' असते, ना 'नाही'. 'हे दार अग्निरोधक आहे का?' या प्रश्नाला 'हो' असलेल्यांची एक आणि 'नाही' असलेल्यांची दुसरी यादी काढली, तर ज्यांना कोणी हातच लावलेला नाही, अशी दारे दोन्ही याद्यांतून निसटतात. आगीच्या वेळी धूर अडवणारे दार अशा प्रकारे यादीबाहेर राहिले, तर प्रश्न केवळ हिशेबाचा उरत नाही.

खोल्यांच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर अधिक सावध आहे. आराखड्यात न बसवलेल्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या रकान्यात 'नॉट प्लेस्ड', तर भिंतींनी पूर्ण न वेढलेल्या खोलीपुढे 'नॉट एनक्लोज्ड' असे शब्द दिसतात. आकडा का नाही, याचे कारण तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

शून्य भरण्याचा मोह

सर्व रिकाम्या जागी शून्य भरून टाकावे, हा सोपा वाटणारा उपाय फसवा आहे. खोलीचे क्षेत्रफळ माणसांच्या संख्येने भागणारे सूत्र शून्याशी अडखळते. शिवाय न मोजलेली बाल्कनी एकदा शून्य म्हणून नोंदली गेली, की ती मोजायची राहिली आहे, ही खूणच पुसली जाते. रिकामा रकाना निदान शंका तरी निर्माण करतो; चुकीचे शून्य मात्र खात्रीचा आव आणते. मजकुराच्या रकान्यात केवळ 'स्पेस' टाइप केली असेल, तर तो डोळ्यांना रिकामा दिसतो, पण संगणकाच्या लेखी भरलेला असतो.

यावरचा मार्ग शिस्तीचा आहे. 'नाही', 'लागू नाही' आणि 'अद्याप माहीत नाही' यांसाठी वेगवेगळ्या नोंदी आरंभीच ठरवाव्यात. सूत्र लिहिण्यापूर्वी मूल्य नसलेल्या ओळी गाळून त्यांचा वेगळा तक्ता काढावा आणि तो रिकामा होईपर्यंत अंतिम बेरीज कोणाच्या हाती देऊ नये. सूत्रात 'जर-तर'ची अट घालायची असल्यास ती मूळ नोंद न बदलता वेगळ्या स्तंभात घालावी. तक्त्यातील ओळींची संख्या आणि प्रत्यक्ष मोजणीत आलेल्या ओळींची संख्या जुळते का, ही पडताळणीही फार वेळ घेत नाही.

घर घेणाऱ्यांशीही या शिस्तीचा थेट संबंध आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार 'कार्पेट एरिया'त घराच्या आतील भिंतींनी व्यापलेली जागा धरली जाते, तर सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची वगळली जाते. त्यामुळे या जागांचे आकडे स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. रकाने वाढले, की रिकामे राहण्याच्या जागाही वाढतात. करारातील नीटनेटका आकडा ज्या तक्त्यातून आला, त्यात काय लिहिले होते याइतकेच, काय लिहायचे राहिले होते, हेही विचारायला हवे.