कोल्हा आला, गवत गेलं

शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळीचे बाण एकाच दिशेने धावतात: गवताकडून सशाकडे, सशाकडून कोल्ह्याकडे. वर लांडगा किंवा गरुड असला तर कोल्हाही कुणाचा तरी घास. नसला तर तिथला राजा तोच. अलास्काच्या अल्यूशन बेटांवर मात्र या राजाने चक्क गवतच संपवलं. तेही गवताला तोंड न लावता!

उत्तर पॅसिफिकमधली ही ज्वालामुखी बेटांची लांबलचक रांग. बहुतेक बेटांवर जमिनीवरचा शिकारीच नव्हता, त्यामुळे पफिन, ऑकलेट असे समुद्रपक्षी लाखोंनी येऊन बिळांत, कपारींत निर्धास्त अंडी घालत. खायचं समुद्रात आणि शिटायचं बेटावर, हा त्यांचा नित्यक्रम. पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस असा पंखांवरून जमिनीवर उतरायचा आणि हिरवंगार, उंच गवत माजायचं.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून आधी रशियन आणि मग अमेरिकन फर-व्यापाऱ्यांनी अलास्काच्या 400हून अधिक बेटांवर कोल्हे सोडले, मुख्यतः आर्क्टिक कोल्हे. धंदा म्हणून कल्पना बेरकीच: कुंपण समुद्राचं, खाणं पक्ष्यांचं, फक्त कातडी काढायला परत यायचं. कोल्ह्यांनी पक्ष्यांचा फडशा पाडला.

जीवशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रोल आणि सहकाऱ्यांनी कोल्हे असलेली नऊ आणि नसलेली नऊ बेटं ताडून पाहिली. 2005 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष आले. कोल्ह्यांच्या बेटांवर विष्ठेचं खत साठपटीने कमी पडत होतं आणि गवताळ रानांच्या जागी खुरटी झुडपं, शेवाळ असा टुंड्रा पसरला होता. मग कारण खरंच खत आहे का? त्यांनी कोल्ह्यांच्या एका बेटावर जमिनीच्या तुकड्याला काही वर्षं खत घातलं, आणि तिथे गवत जोमाने परतलं. मला या सगळ्यात हा साधा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

कोल्ह्यांपायी अल्यूशन गूज हा रानहंस तर नामशेषच समजला जात होता. 1962मध्ये तो बुल्दीर बेटावर सापडला, कारण तिथे कोल्हे कधी सोडलेच नव्हते. पुढे चाळीसहून अधिक बेटांवरून कोल्हे हटवले गेले, हंसही नव्या बेटांवर नेऊन सोडले गेले, आणि 2001 साली अमेरिकेने या रानहंसाचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं.