शेवटच्या मशिनपासून मागे

फलटणहून लोणंदकडे निघालं की सुरवडीला कमिन्सचे इंजिन-कारखाने लागतात. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स म्हणून सुरू झालेल्या कंपनीचा हा विस्तार. इंजिनाच्या कुठल्याही कारखान्यात विजेसारखीच दाबलेली हवाही शॉपभर फिरवावी लागते. नट आवळणारी हत्यारं, जॉब पकडणारे क्लॅम्प, रंगाची गन, सगळ्यांना ती लागते. आणि ती फार महाग असते. कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेतला ८० ते ९० टक्के भाग उष्णता होऊन निघून जातो.

म्हणून कॉम्प्रेसरच्या प्रेशरचं सेटिंग किती बारवर ठेवायचं, हा प्रश्न मला कारखान्यातल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक वाटतो. त्याचं उत्तर मात्र बहुधा घाईत दिलं जातं. लाइनवरून ‘हवा कमी पडतेय’ अशी ओरड आली की कोणीतरी कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन अर्धा बार वाढवून येतं. ओरड थांबते, सेटिंग तिथंच राहतं. सात बारच्या आसपास एक बार वाढवला की वीज साधारण सहा-सात टक्के जास्त लागते. शिवाय प्रेशर वाढलं की प्रत्येक गळतीतून हवाही जास्त जाते. सात बारवर तीन मिलिमीटरचं एक भोक तीन-चार किलोवॅट गिळतं.

हिशेब उलटा, शेवटच्या मशिनपासून करायला हवा. तिथं गेज लावायचा आणि मशिन चालू असताना वाचायचा. हवा वाहत नसताना गेज सगळं छान दाखवतो. समजा, हत्याराला ६.२ बार हवेत. होज आणि कपलरमध्ये ०.३ जातात, पाइपात ०.१, ड्रायर आणि फिल्टरमध्ये ०.३. म्हणजे कॉम्प्रेसरने ६.९ला लोड घ्यावा, म्हणजे हवा दाबू लागावी, आणि ७.४च्या सुमारास लोड सोडावा. होजमध्येच एक बार पडत असेल तर दोष होजचा. तो जाड घ्या. एखाद्याच मशिनला जास्त प्रेशर लागत असेल तर त्याला बूस्टर द्या, त्याच्यासाठी अख्खा कारखाना वर चढवू नका. नट आवळण्याच्या हत्याराला तर जास्त प्रेशर घातकच, टॉर्क बिघडतो. तिथं रेग्युलेटर हवाच.

फलटण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मे महिन्यातल्या तापलेल्या रूममध्ये ती आणखी विरळ होते. कॉम्प्रेसर तेवढेच लिटर ओढतो, पण त्यात हवा कमी भरते. दुपारी प्रेशर पडू लागलं तर आधी हवा बाहेरच्या सावलीतून घ्यावी, इनटेक फिल्टर बघावा.

सेटिंग उतरवताना एका वेळी ०.१ किंवा ०.२ बारच उतरवावं, पूर्ण शिफ्ट बघावी, मगच पुढं जावं. त्याआधी सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवावा. दहातली तीन मिनिटं तो लोडवर राहिला, तर त्याच्या क्षमतेतली तीस टक्के हवा गळतीत जाते आहे. ती गळती आधी बंद करावी, सेटिंगला हात नंतर लावावा.