बेसबॉलची ओळख : लेखांक सहावा – बॅटचे माप

मागील लेखांकात चेंडू फेकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या, कसबाचा विचार आपण केला. त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूला उत्तर देण्याचे जे एकमेव साधन फलंदाजाजवळ असते, त्या बॅटची निवड कशी करावी हा आजचा विषय होय. वरवर पाहता ही बाब किरकोळ भासते. अमेरिकेत विक्रेत्यांनी वयाचे व उंचीचे तक्ते तयार करून ठेवलेले आहेत, आणि आपल्या मुलाला लिट्ल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत घालू पाहणाऱ्या तेथील मराठी गृहस्थालाही तक्त्यावर बोट ठेवून बॅट उचलली की आपले काम संपले, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः बॅटची लांबी, तिचे वजन आणि त्या वजनाची तिच्या अंगावर झालेली वाटणी ही तीन भिन्न अंगे असून, तिन्हींचा निवाडा अखेर एकाच कसोटीवर व्हावयाचा असतो; ती कसोटी म्हणजे फलंदाजाला मिळणारा वेळ.

हा वेळ किती अल्प असतो याचा अदमास प्रथम घेतला पाहिजे. प्रौढांच्या खेळात पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेटपर्यंतचे अंतर 60 फूट 6 इंच असते, आणि ताशी 90 मैल वेगाने निघालेला चेंडू ते सुमारे 0.4 सेकंदात काटतो. त्यातही चेंडू ओळखण्यात व तो खेळावा की सोडावा हे ठरविण्यात बराचसा काळ खर्ची पडून प्रत्यक्ष बॅट फिरविण्यास सुमारे 0.15 सेकंद एवढीच सवड उरते. लिट्ल लीगच्या मैदानावर हे अंतर 46 फूट असल्यामुळे, चेंडूचा वेग कमी असला तरी मुलांची सवड काही ऐसपैस होत नाही. म्हणून जी बॅट या सवडीत इष्ट स्थळी पोहोचत नाही, ती तक्त्याप्रमाणे कितीही बिनचूक असली तरी त्या खेळाडूच्या दृष्टीने निरुपयोगीच म्हटली पाहिजे.

प्रथम लांबी घेऊ. व्यावसायिक खेळाच्या नियमांनी बॅटची लांबी 42 इंचांपर्यंत आणि तिच्या सर्वांत जाड भागाचा व्यास 2.61 इंचांपर्यंत मर्यादित केला आहे. तथापि लांबीची ही मुभा कोणी पुरती वापरीत नाही, बहुतेक व्यावसायिक खेळाडू 33 ते 34 इंचांतच समाधान मानतात. होम प्लेटची रुंदी 17 इंच, आणि फलंदाज तिच्या बाजूला काही अंतरावर उभा. तेव्हा पलीकडच्या कडेवरून जाणाऱ्या चेंडूपर्यंत बॅटचा भरीव भाग पोहोचावा एवढी लांबी अवश्य हवी. परंतु चेंडूला उत्तम तडाखा बसतो तो टोकापासून सुमारे 5 ते 7 इंच अलीकडच्या पट्ट्यावर. लांबी वाढली की हा पट्टाही शरीरापासून दूर सरतो, आणि मग अंगालगत आलेला चेंडू मुठीजवळ लागून हातांना झिणझिण्या आणतो.

लांबी पाहण्याच्या दोन वहिवाटी रूढ आहेत. बॅटची मूठ छातीच्या मध्यावर टेकवून बॅट समोर धरावी, आणि पसरलेल्या हाताच्या पंजात तिचे टोक येते की नाही हे पाहावे. अथवा बॅट पायालगत जमिनीवर उभी करून, मोकळ्या सोडलेल्या हाताच्या तळव्याच्या मध्यापर्यंत ती येते का याची खात्री करावी. सर्वसाधारणपणे 8-9 वर्षांच्या मुलाला 26 ते 28 इंच, 11-12 वर्षांच्या मुलाला 30 ते 31 इंच आणि पूर्ण वाढलेल्या तरुणाला 33 ते 34 इंच असा हिशेब जमतो. हे ठोकताळे शोधाच्या आरंभासाठी उपयुक्त आहेत. निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फलंदाजीत अग्रगण्य ठरलेला विली कीलर जेमतेम साडेतीस इंचांची बॅट वापरीत असे, आणि तीही मूठ वर सरकवून धरीत असे.

वजनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. बॅटचे औंसांतील वजन आणि इंचांतील लांबी यांतील फरकाला दुकानांतून 'ड्रॉप' म्हणतात. 31 इंचांची बॅट 21 औंसांची असेल तर तिचा ड्रॉप उणे 10. बॅटचे वजन वाढले की, ती त्याच वेगाने फिरत असेल तर, चेंडूला अधिक वेग मिळतो हे खरे. परंतु प्रत्येक पुढील औंसापासून होणारा लाभ उत्तरोत्तर घटत जातो, आणि जड बॅट मुळात त्याच वेगाने फिरतच नाही. बेब रूथ 40 औंसांहून जड बॅटा, प्रसंगी 54 औंसांच्यासुद्धा, हाती घेत असे. पुढे टेड विल्यम्सने सुमारे 33 औंसांची हलकी बॅट पत्करली आणि 1941 साली .406 ची फलंदाजीची सरासरी गाठली. लुइव्हिलच्या बॅटच्या कारखान्यात पुढे ठेवलेल्या अनेक बॅटांतून अर्ध्या औंसाने जड असलेली बॅट त्याने केवळ हाताने तोलून ओळखली, अशी आख्यायिका आहे. येल विद्यापीठाचे पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट अडेअर यांनी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गणिताची मीमांसा केली. ॲरिझोना विद्यापीठाच्या टेरी बाहिल यांनी तर खेळाडूंच्या हाती निरनिराळ्या वजनांच्या बॅटा देऊन त्यांचे वेग मोजले आणि प्रत्येकाला अनुकूल असे वजन वेगवेगळे असते, असे दाखविले.

तिसरे अंग म्हणजे वजनाची वाटणी, आणि ग्राहक बहुधा फसतो तो येथेच. मुसळ मध्यावर धरले तर सहज पेलते, तेच टोकाला धरून आडवे फिरवू गेल्यास मनगटाची परीक्षा पाहते. त्याचप्रमाणे तराजूत समान उतरणाऱ्या दोन बॅटांपैकी जिचा भार टोकाकडे एकवटला आहे ती हातात जड ठरते. मूठ इंचभर वर धरण्याचा जुना उपाय, किंवा लाकडी बॅटच्या टोकाला कोरलेली वाटीसारखी खळगी, ही दोन्ही याच भाराला मुठीकडे आणण्याची तजवीज होय. 2025 साली न्यूयॉर्क यांकीजच्या काही फलंदाजांनी वापरलेल्या ज्या 'टॉर्पेडो' बॅटांचा बोलबाला झाला, त्यांतही नियमांच्या चौकटीत राहून लाकडाचा भरीव भाग टोकाकडून अलीकडे, त्या त्या फलंदाजाचा चेंडू जेथे वारंवार लागतो तेथे, आणला होता.

निवडीला कायद्याचीही एक मर्यादा असते. अमेरिकेतील माध्यमिक शाळा व महाविद्यालये यांच्या स्पर्धांत धातूच्या अथवा संमिश्र द्रव्याच्या बॅटला बीबीकोर ही प्रमाणमुद्रा लागते आणि तिचा ड्रॉप उणे 3 हून अधिक असू शकत नाही. लिट्ल लीगने 2018 पासून 'यूएसए बेसबॉल'चे निराळे प्रमाण लागू केले आहे. यास्तव उणे 10 ची बॅट लीलया फिरविणारा मुलगा माध्यमिक शाळेत येताच त्याच लांबीची बॅट एकदम 7 औंसांनी जड झालेली पाहतो. मधल्या वर्षांत, त्याच्या लीगच्या नियमांत बसत असल्यास, उणे 8 व उणे 5 अशा पायऱ्या घेणे शहाणपणाचे ठरते.

आता खरेदीचा प्रसंग. मुलाने बॅट एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरावा. 20 ते 30 सेकंदांच्या आत हात झुकू लागला तर ती बॅट जड समजावी. त्यानंतर खऱ्या चेंडूवर दहा-वीस फटके मारू द्यावेत. सर्व फटके उशिराने, विरुद्ध बाजूस जात असतील तर आधी वजन कमी करावे आणि लांबीला हात नंतर लावावा. चेंडू वारंवार केवळ टोकालाच लागत असेल तर मात्र आधी त्याची उभे राहण्याची जागा तपासावी, आणि ती योग्य असूनही दोष राहिला तरच लांबी वाढवावी. दोन मापांत संशय राहिल्यास हलके माप घ्यावे. अंगरखा वाढत्या अंगाचा शिवण्याची आपली जुनी काटकसर येथे लागू पडत नाही; सैल अंगरखा वर्षभर निभावतो, पण जड बॅट पेलण्यासाठी मूल पाठ वाकवून, हात आखडून जो फटका शिकते, तो पुढे अंगात बळ आल्यावरही सुटत नाही. पुढील वर्षाची बॅट पुढील वर्षी घेणे, हेच अंती स्वस्त पडते.

बॅटइतकेच खेळाडूच्या मापाशी निगडित असलेले दुसरे साधन म्हणजे क्षेत्ररक्षकाचा हातमोजा. त्याचे प्रकार व त्याची निवड यांचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.